परदेशात थीम पार्क काढायचंय? आधी तिथले लोक नाश्त्याला काय खातात ते बघा

मी एमबीएच्या पोरांना शिकवतो आणि दर सेमिस्टरला कुणीतरी डिस्नेच्या परदेशी पार्कांची केस स्टडी घेतंच. शेवटच्या स्लाइडवर ठरलेलं वाक्य, स्थानिक संस्कृतीशी जुळवून घ्यावं. अरे पण म्हणजे नेमकं करायचं काय? मिकीला फेटा बांधायचा? म्हणून एकदाच लिहून टाकतो, अशी केस हातात आली की कशाच्या मागे लागायचं ते.

सगळ्यात आधी राइड-बिड बाजूला ठेवा आणि पैसा कुणाचा ते काढा. एका कोऱ्या कागदावर लिहा, जमीन कुणाची, कर्ज कुणाच्या नावावर, तिकिटाचा रुपया कुणाच्या खिशात. टोकियोचं पार्क १९८३ ला उघडलं, तेव्हा डिस्नेचा पैसा अमेरिकेतल्या एपकॉट या त्यांच्याच नव्या पार्कमध्ये अडकलेला होता, बाहेरच्या देशात जाऊन अजून एक जोखीम घ्यायची त्यांची तयारी नव्हती, मग ओरिएंटल लँड नावाच्या जपानी कंपनीने समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर स्वतःच्या खर्चाने पार्क बांधलं आणि डिस्नेने फक्त नाव, डिझाइन आणि शिकवण दिली. बदल्यात रॉयल्टी, तिकिटावर साधारण १० टक्के, खाण्यापिण्यावर आणि वस्तूंवर ५ टक्के. नुकसान झालं असतं तर ते जपान्यांचं. पण पार्क असं काही धो धो चाललं की डिस्नेवाले हात चोळत बसले, आणि पुढच्या वेळी आपण मालक व्हायचं असं ठरवूनच पॅरिसला गेले. ४९ टक्के हिस्सा, डोक्यावर भरपूर कर्ज, आजूबाजूला हॉटेलं आणि जमिनीचे मोठे प्लॅन. म्हणजे एका ठिकाणी झालेल्या पश्चात्तापातून दुसऱ्या ठिकाणची स्ट्रॅटेजी ठरली. हे पोरांच्या स्लाइडवर कधीच नसतं.

आता पॅरिस. सगळे म्हणतात तिथे डिस्नेने अमेरिका जशीच्या तशी उचलून ठेवली म्हणून आपटले. माझं मत वेगळं आहे. सजावटीत त्यांनी चिक्कार बदल केले होते. किल्ल्यात रंगीत काचा, भिंतीवर कापडात विणलेली चित्रं, खाली तळघरात ड्रॅगन. टुमॉरोलँड या भविष्यातल्या जगाच्या विभागाच्या जागी ज्यूल व्हर्न या फ्रेंच विज्ञानकथा लेखकाच्या धाटणीचं डिस्कव्हरीलँड. तिकडची थंडी-पाऊस बघून मेन स्ट्रीटच्या, म्हणजे गेटातून आत शिरल्यावर लागणाऱ्या दुकानांच्या रस्त्याच्या, दोन्ही बाजूंना छताखालून जायला गल्ल्या. फसले ते सवयींत.

नाश्त्याचंच बघा. कुणीतरी सांगितलं की युरोपियन लोक सकाळी फारसं खात नाहीत, मग हॉटेलातली रेस्टॉरंटं लहान ठेवली. एप्रिल १९९२ ला पार्क उघडलं आणि ३५० खुर्च्यांच्या हॉलमध्ये २,५०० लोकांचा नाश्ता काढायची वेळ आली. तेही नुसती कॉफी आणि क्रोसाँ नको होतं त्यांना, अंडी आणि बेकन हवं होतं. दुपारी अजून मजा, अमेरिकन माणूस दिवसभर येता-जाता काहीतरी चघळत असतो, फ्रेंच माणूस साडेबाराला म्हणजे साडेबाराला टेबलावर बसणार, त्यामुळे सगळी गर्दी एकाच वेळी आणि बाकीचा वेळ किचन रिकामं. त्यात वाइन नाही! फ्रान्समध्ये जेवताना वाइन नाही म्हणजे आपल्याकडे लग्नात बोलवून चहासुद्धा न विचारण्यासारखं. १९९३ ला मुकाट्याने सुरू केली. बसच्या ड्रायव्हरांसाठी जी सोय केली ती ५० जणांपुरती आणि गर्दीच्या दिवशी ड्रायव्हर आले २,०००. शाळा बुडवून आईबाप मुलांना घेऊन येतील हाही अमेरिकेवरून बांधलेला अंदाज, तो फसला. नोकरीला येणाऱ्यांनी दाढीमिशी ठेवायची नाही असे नियम, त्यावरून युनियनवाले भडकले ते वेगळंच.

बरं, हे सगळं सुधारता येण्यासारखं होतं, पण मंदी आली, व्याज चढं, जमिनी विकून कर्ज फेडायचा प्लॅन अडकला. १९९३ च्या आर्थिक वर्षात तोटा ५३० कोटी फ्रँकच्या आसपास. शेवटी १९९४ ला बँकांशी बोलणी करून कर्जाची फेररचना, सौदी राजपुत्र अल-वलीद हिस्सेदार म्हणून आत, डिस्नेने काही वर्षांची रॉयल्टी सोडली, युरो डिस्ने हे नाव जाऊन डिस्नेलँड पॅरिस झालं, तिकिटं स्वस्त केली. १९९५ ला पहिल्यांदा नफा. तर तुम्ही केस लिहिताना संस्कृतीचा दोष किती आणि कर्जाचा किती हे वेगळं करा, दोन्ही एकाच पोत्यात घालू नका. मार्क तिथेच जातात.

यानंतर कॅलेंडर. हे मी प्रत्येकाला सांगतो, त्या देशाच्या सुट्ट्यांची यादी प्रिंट काढून समोर चिकटवा. हाँगकाँगचं पार्क सप्टेंबर २००५ ला उघडलं, फेंगशुईवाल्याला विचारून मुख्य दरवाजा १२ अंशांनी फिरवला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला वळण दिलं म्हणजे चांगली ऊर्जा निसटून जाऊ नये, हॉटेलात चौथा मजलाच नाही कारण चार म्हणजे तिकडे मरणाचा आकडा, आणि एक हॉल बरोब्बर ८८८ चौरस मीटरचा कारण आठ शुभ. (आपल्याकडच्या बिल्डरने वास्तुशास्त्र विचारल्यावर हसणाऱ्यांनी हे वाचावं.) एवढं सगळं केलं आणि फेब्रुवारी २००६ ला चिनी नववर्षात काय झालं? हाँगकाँगवाल्यांची सुट्टी संपली, म्हणून तारीख न टाकलेली, कुठल्याही साध्या दिवशी वापरता येणारी तिकिटं परत चालणार होती, पण मुख्य चीनमधल्या लोकांची सुट्टी अजून चालूच होती. ते आले. गेट बंद करावं लागलं, हातात तिकीट असलेली माणसं बाहेर, काही जण तर कुंपणावरून चढून आत. दरवाजा १२ अंश फिरवून झाला होता, पण शेजारच्यांची सुट्टी कधी संपते ते कुणी नीट बघितलं नव्हतं.

उलट बाजूही तपासा, लोकांना स्थानिक हवंय तरी का? जपान्यांना नको होतं. त्यांना अस्सल अमेरिका हवी होती. तिथे बदल केले ते कामापुरते, पाऊस पडतो म्हणून मेन स्ट्रीटच्या जागी काचेच्या छताखालचा वर्ल्ड बझार, घरचा डबा आणणाऱ्यांसाठी गेटबाहेर बसायची जागा. जपानमध्ये कुठेही फिरायला गेलं की ऑफिसातल्यांना, शेजाऱ्यांना खाऊ न्यायचा हा जवळजवळ नियमच, त्यामुळे छान पत्र्याच्या डब्यातली बिस्किटं-चॉकलेटं हा तिथे जोरदार धंदा आहे. आपण नाही का, महाबळेश्वरहून येताना चिक्की आणतोच.

शांघाय (जून २०१६, खर्च ५.५ अब्ज डॉलर) हे मागच्या सगळ्या चुका वाचून बांधलेलं वाटतं. मेन स्ट्रीट गाळून मिकी अव्हेन्यू, बारा राशींचे प्राणी डिस्नेच्या पात्रांतून, चहाघर, नातवाबरोबर येणाऱ्या आजी-आजोबांना निवांत बसता येईल अशी बाग. हिस्सा सरकारी शेंडी ग्रुपचा ५७ आणि डिस्नेचा ४३ टक्के, पण पार्क चालवणाऱ्या कंपनीत मात्र डिस्ने ७० टक्के. हे नीट बघा, मालकी सोडली पण लगाम सोडला नाही. तरीही खाण्यावर ठेच लागलीच. बाहेरचं खाणं आणायला बंदी, म्हणून २०१९ ला कायद्याच्या एका विद्यार्थिनीने केस टाकली, सोशल मीडियावर कल्ला झाला आणि सप्टेंबरात नियम सैल करावा लागला. आपल्याकडे मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नवरून २०१८ ला पेटलं होतं तसंच.

सरावाला ताजी केस हवी असेल तर अबू धाबी घ्या. मे २०२५ ला यास बेटावरच्या पार्कची घोषणा झाली, पैसा आणि बांधकाम मिराल या तिथल्या कंपनीचं, डिस्नेला रॉयल्टी. ४० वर्षं फिरून गाडी परत टोकियोच्याच स्टँडवर आली. पहिला प्रश्न उन्हाळ्याचा घ्या, त्याच बेटावरचं वॉर्नर ब्रदर्सचं पार्क छताखाली एसीत का आहे इथून सुरुवात करा. मग रमजानात जेवायच्या वेळा, शनिवार-रविवारची गर्दी आणि भारतातून जाणाऱ्यांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या.