लिनक्सचा आरसी कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याची, पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती) टाकला आणि मशीन हँग झालं, आता काय करायचं?

सगळ्यात आधी, पॉवर बटण दाबून धरू नका. हात तिकडेच जातो, माझापण कितीतरी वेळा गेलाय, पण मशीन कुठे अडकलं याचा पुरावा तेव्हा फक्त रॅममध्ये असतो आणि बटण दाबलं की तो गेलाच, मग रीबूट करून लॉग उघडला तर त्यात हँगच्या आधीच्या साध्यासुध्या ओळी, कामाचं काहीच नाही.

हे लिनक्सच्या आरसी कर्नलबद्दल आहे. दोन आठवडे मर्ज विंडो असते, त्यात हजारो बदल आत येतात, मग आरसी १ निघतो आणि पुढे आठवड्याला एक असं आरसी ७ किंवा ८ पर्यंत चालतं. आरसी १ मध्ये हँग सापडणं हे खरं तर चांगलंच, सापडलेला प्रॉब्लेम पुढे लाखो लोकांच्या मशीनवर जात नाही.

आता हँग झाल्यावर बघायचं की कर्नलच अडकलाय की नुसती स्क्रीन. कॅप्स लॉक दाबा, दिवा बदलला तर कर्नल जिवंत आहे. नाही बदलला तरी लगेच मेला म्हणू नका, कारण डेस्कटॉपवर तो दिवा बऱ्याचदा ग्राफिक्सवाला प्रोग्राम सांभाळतो आणि तोच अडकलेला असू शकतो. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर मात्र पॅनिक झालाय, म्हणजे कर्नलने स्वतःच हात टेकलेत. मग दुसऱ्या मशीनवरून पिंग (नेटवर्कवरून हाक) करा, एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून बघा. एसएसएच लागलं तर संशय ग्राफिक्सवर, लगेच डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, फाईलमध्ये काढून घ्या. पिंगला उत्तर येतंय पण एसएसएच लटकतंय असं असेल तर इंटरप्ट (हार्डवेअरचे सीपीयूला इशारे) चालू आहेत आणि वरचे प्रोसेस कुठेतरी, बरेचदा डिस्कपाशी, अडकलेत.

यानंतर मॅजिक सिसआरक्यू, म्हणजे थेट कर्नलला हुकूम देणाऱ्या कीबोर्डच्या कळा. बऱ्याच डिस्ट्रोमध्ये हे अर्धवटच चालू असतं, म्हणून आधीच सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) कर्नल डॉट सिसआरक्यू १ करून ठेवा. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून (लॅपटॉपवर कधी एफएन पण लागतं) डब्ल्यू दाबलं की अडकून पडलेले टास्क दिसतात, एल दाबलं की प्रत्येक सीपीयू आत्ता काय करतोय ते, टी दाबलं की सगळेच टास्क. हे झाल्यावरच एस, यू, बी या क्रमाने दाबायचं, म्हणजे डिस्क सिंक होते, रीड ओन्ली होते आणि मग रीबूट.

पण हे आउटपुट जाणार कुठे, स्क्रीन तर गोठलीय, म्हणून नेटकन्सोल आधीच लावून ठेवा, तो कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवतो. एखादा जुना लॅपटॉप वायरने त्याच नेटवर्कला जोडा, त्यावर नेटकॅट (नेटवर्कवर आलेलं दाखवणारा छोटा प्रोग्राम) यूडीपी पोर्ट ६६६६ वर ऐकत ठेवा, मशीन मरता मरता जे बोलेल ते तिकडे येतं. वायफायवर याचा भरवसा नाही, वायरच वापरा. दुसरं मशीन नसेल तर पीस्टोर बघा, पॅनिकच्या वेळच्या शेवटच्या ओळी यूईएफआयच्या (मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या) मेमरीत राहतात आणि पुढच्या बूटला मिळतात. फक्त त्यासाठी हँगचं पॅनिक व्हायला हवं, म्हणून बूट लाईनमध्ये सॉफ्टलॉकअप पॅनिक १ द्या.

लॉगमध्ये कुठला मेसेज आलाय त्यावर पुढची दिशा ठरते. सॉफ्ट लॉकअप म्हणजे कर्नलमधला कोड २० सेकंदांच्या वर सीपीयू सोडतच नाहीये, म्हणजे लूप किंवा स्पिनलॉक (लॉक मिळेपर्यंत सीपीयू जागच्या जागी फिरत राहतो तो). हार्ड लॉकअप म्हणजे सुमारे १० सेकंद त्या सीपीयूवर इंटरप्टसुद्धा पोचले नाहीत. हंग टास्क म्हणजे एखादा प्रोसेस १२० सेकंद डी स्टेटमध्ये (कशाची तरी वाट बघत, मध्येच थांबवता न येणाऱ्या अवस्थेत), तिथे डिस्क, फाईलसिस्टिम, म्युटेक्स (झोपून वाट बघायला लावणारा लॉक) बघा.

लॉकचा संशय असेल तर प्रूव्ह लॉकिंग (कॉन्फिगमधला पर्याय, यानेच लॉकडेप हा लॉक तपासनीस चालू होतो) चालू करून कर्नल परत बिल्ड करा. एका टास्ककडे पहिला लॉक आहे आणि त्याला दुसरा हवाय, दुसऱ्या टास्कचं बरोब्बर उलटं, असा पेच लॉकडेप प्रत्यक्ष हँग व्हायच्या आधीच दाखवतो. मशीन स्लो होतं ते सहन करा. पहिल्या रिपोर्टनंतर तो स्वतः बंद होतो, तेव्हा पहिलाच नीट वाचा, आणि क्लोज्ड सोर्स ड्रायव्हर असेल तर काढा, कारण तो लोड झाला की लॉकची तपासणीच बंद होऊ शकते.

आधीचा कर्नल नीट चालत होता ना? मग गिट बायसेक्ट, म्हणजे मधला कर्नल बिल्ड करून तो गुड की बॅड सांगायचं आणि दरवेळी निम्मे बदल बाद करायचे. १४ हजार कमिट (एकेक बदल) असले तरी साधारण १४ बिल्डमध्ये उत्तर येतं, आणि लोकलमॉडकॉन्फिगने कॉन्फिग बारीक केला (आत्ता लोड असलेलेच मॉड्यूल ठेवले) तर बिल्डचा वेळ खूप वाचतो. चूक एकच होते आणि ती मी केलीय, माझा हँग सस्पेंडमधून उठताना पाच-सहा वेळांत एकदा यायचा आणि मी दोनदा नीट उठलं की गुड म्हणून मोकळा, पूर्ण दोन संध्याकाळी भलत्याच कमिटवर जाऊन पोचलो. मग ठरवलं, २० वेळा सस्पेंड केल्याशिवाय गुड म्हणायचं नाही. बॅड म्हणायला मात्र एक हँग पुरे, फक्त तो तोच हँग आहे ना हे ट्रेस (कोड कुठून कुठे जाऊन अडकला ती लॉगमधली यादी) बघून ठरवा. बिल्डच झाला नाही तर स्किप.

कमिट सापडला की ताज्या आरसीवर तेवढाच रिव्हर्ट करून, म्हणजे तो बदल काढून, परत टेस्ट करा. रिपोर्टमध्ये कर्नलची व्हर्जन, कॉन्फिग, नेटकन्सोलचा पूर्ण लॉग, बायसेक्टचा लॉग सगळं द्या, पण रिव्हर्ट केल्यावर हँग गेला की नाही हे अगदी पहिल्या परिच्छेदात लिहा.