'मीच सातोशी' असं कोणी म्हणालं तर काय तपासायचं

दर काही महिन्यांनी कोणाला ना कोणाला सातोशी नाकामोतो सापडतोच. 2008 च्या 31 ऑक्टोबरला बिटकॉइन कसं चालेल ते सांगणारा लेख इंटरनेटवर टाकणारा, बिटकॉइन बनवणारा, 2011 नंतर गायब झालेला माणूस (की टोळकं, देव जाणे). असा दावा समोर आला की पुरावे किती आहेत ते मोजत बसू नका, सही मागा.

सही म्हणजे प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त मालकाकडे असलेल्या गुप्त डिजिटल चावीने, साइन केलेला मेसेज. पण कुठल्या कीने हे महत्त्वाचं. 'पहिल्या ब्लॉकमधले कॉइन हलवून दाखव' असं लोक म्हणतात (ब्लॉक म्हणजे बिटकॉइनच्या हिशेबाच्या वहीचं एक पान), तिथेच फसतात, कारण ते 50 कॉइन खर्चच करता येत नाहीत, खऱ्या सातोशीलाही नाही. त्यापेक्षा ब्लॉक 9 च्या कीने केलेली सही मागा, कारण 12 जानेवारी 2009 ला सातोशीने हॅल फिनी या सुरुवातीपासूनच्या बिटकॉइन प्रोग्रॅमरला 10 बिटकॉइन पाठवले ते त्यातलेच. आणि मेसेज नवा हवा, तुम्ही सांगाल तो, आजच्या तारखेचा. 2016 मध्ये 'मीच सातोशी' म्हणणाऱ्या क्रेग राइटने पुरावा म्हणून दिलेली सही 2009 च्या जुन्या व्यवहारातूनच उचललेली निघाली, ती तर ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या ब्लॉकच्या त्या खुल्या वहीत, कोणालाही दिसते! शेवटी मार्च 2024 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने हा माणूस सातोशी नाही असं सांगून टाकलं. मेसेज आला की वॉलेटमधल्या (बिटकॉइन ठेवायच्या ॲपमधल्या) 'व्हेरिफाय मेसेज'ने स्वतः तपासा, बंद खोलीत दोघातिघांना दाखवला म्हणे, हे चालणार नाही.

सातोशीचं स्पेलिंग ब्रिटिश आहे, अमुक वेळेला झोपायचा वगैरे वाचायला मजा येते, सिद्ध काही होत नाही. बिटकॉइनमध्ये वापरलेला एसएचए-256 हा अल्गोरिदम अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने बनवला म्हणून बिटकॉइनही त्यांचंच, हेही तसंच, तो अल्गोरिदम सगळ्यांसाठी खुला आहे आणि अर्धं इंटरनेट तो वापरतं.

आता विश्वासाचं. कुठलंही कॉइन बघताना आधी कोड खुला आहे का, हिशेब कोणालाही बघता येतो का, एकूण किती कॉइन निघणार (बिटकॉइनचे 2.1 कोटी) आणि सुरुवातीला कोणाकडे किती गेले हे बघा, मालकाचं नाव नंतर. वनकॉइन या फसव्या कॉइनची रुजा इग्नातोवा स्टेजवर उभी राहून भाषणं द्यायची, चेहरा सगळ्यांना माहीत होता पण मागे खरी ब्लॉकचेनच नव्हती आणि 2017 मध्ये बाई गायब. बिटकॉइनचं बरोबर उलटं, माणूस लपलेला आणि वही उघडी.

उघडी वही असली तरी एका गोष्टीवर लक्ष ठेवाच. सुरुवातीच्या काळात सातोशीने माइन केलेले (कॉम्प्युटर चालवून नव्याने मिळवलेले) म्हणून धरलेले साधारण 11 लाख कॉइन जवळपास सगळे तसेच पडून आहेत. ब्लॉक एक्सप्लोररवर (ही वही दाखवणाऱ्या वेबसाइटवर) ते जुने ब्लॉक अधूनमधून बघत जा, आणि हललेच तर लगेच 'सातोशी परत आला' म्हणून ओरडू नका, चावी दुसऱ्याच कोणाच्या हाती लागलेली असू शकते.