कवेलू फेरायच्या दिवशीच धुराडं साफ करा: घरच्या तयारीची यादी

मृगाच्या आधी कवेलू फेरायला माणूस घरावर चढतोच, तेव्हा चुलीच्या धुराड्याची नळीही त्याच दिवशी साफ करून घ्यावी. मे महिन्यात काजळी कोरडी असते, ब्रश लागला की सुटते. पावसात ती भिजली की तिला आंबटपणा येतो आणि टिनाची नळी आतून कुजते. बाहेरून धड दिसणारी नळी अंगठ्याने दाबली की आत जाते. दुसरी सफाई दिवाळीनंतर, थंडीत चूल दिवसभर पेटती राहू लागण्याआधी करावी. स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी दोन्ही एकाच चुलीवर होत असेल, तर मधूनही महिन्यातून एकदा नळीच्या बुडाचं झाकण काढून आत टॉर्च मारून बघा.

मिस्त्री सकाळी येणार असेल तर आदल्या सकाळचा स्वयंपाक झाला की चूल विझवा; पूर्ण चोवीस तास गेल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. राख काढून झाकणाच्या लोखंडी डब्ब्यात भरा आणि डब्बा मातीवर, भिंतीपासून दूर ठेवा. राखेच्या पोटात इंगळ तीन-चार दिवस जिवंत राहू शकतो. मेच्या वाऱ्यात ती उकिरड्यावर फेकली आणि शेजारी सोयाबीनचं कुटार पडलेलं असलं, तर काय होईल हे सांगायला नको.

स्वयंपाकघरातलं पीठ, तिखट, पाण्याची भांडी, वरच्या फळीवरचे डब्बे सगळं बाहेर काढा. जे हलत नाही त्यावर जुनी चादर टाका. चुलीचं तोंड ओल्या बारदान्याने घट्ट बंद करा, नाहीतर वरून पडलेली काजळी त्याच वाटेने घरात येते. लहान मुलं आणि दम्याचा माणूस तेवढा वेळ घरात नको. साफ करणाऱ्यासाठी एन-९५ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तयार ठेवा. तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक काजळी अडवत नाही.

सामान थोडंच लागतं: नळीच्या आतल्या मापाचा गोल ब्रश, तो बांधायला सरळ बांबू, एक घमेलं, एक पोतं. नळी चार इंची असेल तर ब्रशही चार इंचीच हवा. लहान ब्रश मधून सरकतो आणि कडेची काजळी तशीच राहते. घरावरून विजेची सर्व्हिस वायर जात असेल तर लोखंडी सळई वापरूच नका. कवेलूंवर थेट पाय देऊ नये. शिडी खालच्या मजबूत बल्लीला टेकवून दोराने बांधा आणि खाली एक माणूस धरायला उभा करा. नळीच्या तोंडावरची टोपी काढण्याआधी आत मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, हे लांबून पाहून घ्या.

टिनाची नळी असेल तर तुकडे सुटे करून अंगणात, ओल्या पोत्यावर झटकणं सगळ्यात बरं. जुनी पांढरी सिमेंटची नळी मात्र बहुधा अ‍ॅसबेस्टॉसची असते. ती कोरडी खरवडू नका, ठोकू नका. तिचे तंतू छातीत जातात. ती तडकली असेल तर ओली करून सबंध उतरवा आणि टिनाची नळी बसवा.

आता काजळी नीट बघा, कारण ती तुमच्या सरपणाचा हिशेब सांगते. काळी भुकटी असेल तर चूल चांगली जळते आहे. कुरकुरीत पापुद्रे असतील तर हवा कमी पडते आहे किंवा लाकूड अर्धवट ओलं आहे. आणि डांबरासारखा चकाकणारा, कडक थर असेल तर थांबा: ओल्या लाकडाचा धूर थंड नळीला लागून गोठतो, तोच हा थर, आणि एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की नळीच्या आतच पेटतो. तो ब्रशने निघत नाही. तेवढा तुकडा बदलून टाका, घासत बसू नका. भुकटी असो की पापुद्रे, थर तीन मिलिमीटरपर्यंत आला म्हणजे सफाईला उशीर झाला आहे.

परत जोडताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत जायला हवं, म्हणजे आतला चिकट रस जोडातून बाहेर न गळता चुलीकडे उतरतो. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा. नळी छपरातून जिथे बाहेर पडते, तिथे लाकडी फाटा किंवा बांबू तिच्यापासून दीड फूट दूर हवा. जुन्या घरांत तो बहुतेक वेळा टेकलेलाच सापडतो. तो कापून त्या जागी पत्रा लावा. नळीचं तोंड छपरापासून निदान तीन फूट वर असावं. चुलीजवळच्या फटी चिकणमाती, शेण आणि कुटार कालवून बुजवा आणि लिंपण सुकल्यावरच जाळ करा.

शेवटी कागद पेटवून धूर टोपीतून निघतो का बघा, आणि प्रत्येक जोडाजवळ उदबत्ती फिरवा. तिचा धूर जोडाकडे ओढला गेला तर तिथे फट आहे.

नळीतून घरघर आवाज आला, टिन लाल झालं, वरून ठिणग्या उडाल्या, तर नळीत पाणी ओतू नका; वाफेने ती फुटते. सगळ्यांना बाहेर काढा, चुलीचं तोंड ओल्या पोत्याने आणि चिखलाने बंद करून हवा तोडा, नळीभोवतीचं छप्पर भिजवा आणि ११२ ला फोन करा. गाडी तालुक्यावरून यायला वेळ लागतो, म्हणून पाण्याने भरलेला ड्रम आणि दोन घमेली वाळू उन्हाळाभर दाराशी असू द्या. पऱ्हाटी आणि तुराटीचे ढीग कुडाला लागून रचलेले असतील तर ते सफाईच्या आधीच हलवा; घरापासून जितके लांब तितके चांगले, आणि वाऱ्याच्या बाजूला तर नकोतच.