घरची फौंड्री सांभाळायची असेल, तर कॉलेजात काय शिकावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फौंड्रीवाल्यांच्या (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखानदारांच्या) घरात पोरानं मेकॅनिकलच करायचं, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी कारखान्याचं मागच्या सहा महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर घेऊन बसा. प्रत्येक नापास कास्टिंगपुढे (ओतून काढलेल्या भागापुढे) कारण लिहा. पैसा कुठे गळतोय ते कळलं की शाखा ठरवणं सोपं जातं.

ब्लोहोल (वायूनं पडलेली पोकळी), श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), हार्डनेसच्या (कडकपणाच्या) तक्रारी जास्त असतील तर मेटलर्जी (धातुशास्त्र) घ्या. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत ही शाखा आहे. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. तो वाढला की वाफ जास्त होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ब्लोहोल येतात. ग्रे आयर्नमध्ये (नेहमीच्या ओतीव लोखंडात) कार्बन-सिलिकॉन कमी पडलं की पातळ भागात चिल धरतं (तो भाग फार कडक होतो), आणि असं कास्टिंग मशीन शॉपमध्ये इन्सर्ट (धातू कापायचं पातं) फोडतं. बोलणी ऑपरेटर खातो, दुखणं मात्र भट्टीत असतं. एसजी आयर्नला (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) मॅग्नेशियम दिल्यावर ओतायला उशीर झाला तर त्याचा असर उतरतो, ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत. मेकॅनिकलला हे सगळं वरवर शिकवतात.

मशिनिंगमध्ये मापं चुकत असतील तर मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन बरोबर. मेट्रॉलॉजी (मोजमाप) आणि जिग-फिक्स्चर (मशीनवर भाग पकडायची साधनं) हे विषय मात्र मन लावून करा.

शॉप सांभाळायला काका किंवा भाऊ आहेत? मग एकानं बी.कॉम. आणि कॉस्टिंग करावं. कास्टिंगचा दर किलोवर ठरतो. १०० किलो धातू ओतून ६० किलो माल निघाला, तर ४० किलो रनर-राइझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत नि साठ्यांत गोठलेला धातू) परत भट्टीत जातात. वीज मात्र १०० किलोची जळालेली असते. कित्येक कोटेशनांत हा हिशोबच नसतो. एमएसएमई कायद्यात लहान पुरवठादाराच्या पैशांना जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, तीही वसूल करता आली पाहिजे.

दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री, किंवा बारावी आणि चार वर्षं डिग्री; दोन्हीकडे सहाच वर्षं जातात. घरचा कारखाना असलेल्यानं डिप्लोमाचा रस्ता धरावा, हात लवकर बसतो.

सुट्टीत सँड लॅब, मग मेल्टिंग, मग फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) या क्रमानं काम करा. इंटर्नशिप मात्र दुसऱ्याच्या फौंड्रीत करा. मालकाच्या पोराला घरचा मोल्डर (साचे बनवणारा कामगार) चूक दाखवत नाही.