भिंतीचा रंग आकड्यांत: एल-ए-बीतून आरजीबी आणि मन्सेलकडे

पणजीच्या फोंताईनास वाड्यातल्या जुन्या घराची गेरूरंगी भिंत जुळवायची असो की तांबड्या मातीची नोंद करायची असो, रंग मोजणारं यंत्र हातात तीन आकडे ठेवतं. समजा ४५, २०, २८. हा एल-ए-बी: एल उजळपणा, ए लाल-हिरवा, बी पिवळा-निळा. घरमालकाला स्क्रीनवर दाखवायला आरजीबी (लाल, हिरवा, निळा) लागतो, मातीच्या नोंदीला मन्सेल, म्हणजे ह्यू (रंगछटा), व्हॅल्यू (उजळपणा) आणि क्रोमा (गडदपणा नव्हे, रंगाची तीव्रता) यांची पद्धत. सूत्रं कुठेही मिळतात. गोंधळ होतो तो वहीत न लिहिलेल्या गोष्टींमुळे: प्रमाण प्रकाश कोणता धरला (डी६५, डी५० की सी), निरीक्षक, म्हणजे हिशेबातला प्रमाण डोळा, २ अंशांच्या दृश्याचा की १० अंशांच्या, चकाकी धरून मोजलं की वगळून, आणि भिंत कोरडी होती का. शेवटचं गोव्यात विसरू नका. चवथीनंतर ऊन पडलं तरी चिऱ्याची भिंत आतून ओली असते. ओला गिलावा गडद दिसतो आणि एल खाली येतो. एकाच जागी एकदा मोजून निघू नका. पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या.

आता हिशेब. आधी एल-ए-बीतून एक्स, वाय, झेड हे मधले तीन आकडे काढायचे. एलमध्ये १६ मिळवून ११६ ने भागा: ०.५२५९. हा वायचा आकडा. त्यात २० भागिले ५०० मिळवा, ०.५६५९, हा एक्सचा. वायच्याच आकड्यातून २८ भागिले २०० वजा करा, ०.३८५९, हा झेडचा. तिघांचे घन करून डी६५, २ अंशांच्या पांढऱ्याने (त्या प्रकाशात शुद्ध पांढऱ्याचे एक्स, वाय, झेड) गुणा: एक्सला ९५.०४७, वायला १००, झेडला १०८.८८३. उत्तर १७.२२, १४.५४, ६.२६. घन करण्याआधीचा आकडा ०.२०६९ च्या खाली असेल तर मात्र घन चालत नाही, तिथे सरळ रेषेचं सूत्र लागतं. काळसर रंगांत हे हमखास येतं.

एसआरजीबीसाठी (स्क्रीनचा नेहमीचा प्रमाण आरजीबी) तिन्ही आकडे आधी १०० ने भागा. विसरलात तर स्क्रीन पांढरीफटक. मग एसआरजीबीच्या ठरलेल्या नऊ आकड्यांच्या सारणीने गुणा: ०.३०३४, ०.१०८५, ०.०४६०. इथे थांबून २५५ ने गुणलं तर ७७, २८, १२ असा करपलेला तपकिरी निघतो, कारण गॅमा, म्हणजे स्क्रीनसाठीची उजळपणाची दुरुस्ती, राहिली. ०.००३१३०८ च्या वरच्या आकड्याचा १/२.४ घात करा, १.०५५ ने गुणा, ०.०५५ वजा करा. आता येतं १५०, ९३, ६१. हाच खरा.

सगळ्यात चोरटी चूक पांढऱ्याची. छपाईकडची यंत्रं बहुतेक डी५० वर लावलेली असतात, एसआरजीबीची सारणी डी६५ ची. वरचेच आकडे डी५० च्या पांढऱ्याने (९६.४२२, १००, ८२.५२१) उलगडून थेट त्या सारणीत घातले तर १५३, ९१, ४९ मिळतं. उत्तर वेडंवाकडं दिसत नाही, फक्त पिवळट होतं, म्हणूनच पकडलं जात नाही. मध्ये ब्रॅडफर्ड रूपांतर, म्हणजे एका पांढऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारी सारणी, हवंच. निरीक्षकाच्या २ आणि १० अंशांचं तसं नाही. एकातून दुसऱ्यात नेमकं जायला यंत्रातला वर्णपट लागतो. तीन आकड्यांवरून ते जमत नाही.

मन्सेलला सुटसुटीत सूत्र नाही. १९४३ च्या तक्त्यातल्या शेजारच्या नोंदींमधून मधली किंमत काढावी लागते. तो तक्ता सी प्रकाशाचा आणि २ अंशांचा आहे, तेव्हा आधी डी६५ वरून सीवर या. शिवाय त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचा पांढरा १०० धरलेला आहे, म्हणून व्हॅल्यू १० ला वाय १०२.५७ दिसतो. आजच्या मोजमापाशी जुळवताना तक्त्यातल्या वायला ०.९७५ ने गुणा. घाईत अंदाज हवा तर एलला १० ने भागा: ४.५, तक्त्याने साधारण ४.४. ह्यू वायआरमध्येच (पिवळा-लाल) पडेल, पण मन्सेलच्या पुस्तकातलं पान कोणतं ते तक्त्यालाच विचारा.

ए आणि बीवरून निघणाऱ्या ह्यूच्या कोनांची सरासरी कधी काढू नका: ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे लालाचा हिरवा. सरासरी ए आणि बीची काढा, कोन नंतर.

शेवटी १५०, ९३, ६१ उलटे फिरवून बघा. पूर्णांकामुळे एल-ए-बीत दशांशाचा थोडा फरक राहील. एका पूर्ण अंकाहून जास्त आला, तर आधी पांढरा तपासा.