मोठ्या दुर्घटनेनंतर ओळख पटवताना डीएनए नमुने कोणाचे आणि कसे घ्यावेत

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले. आगीत होरपळलेल्या बहुतेक मृतदेहांची ओळख डीएनएवरूनच पटवावी लागली. अशा वेळी प्रयोगशाळेत सहसा घोटाळा होत नाही. तो आधीच, मृतदेहांना नंबर देताना आणि नमुना घेताना झालेला असतो.

चेहरा किंवा कपडे पाहून मृतदेह ताब्यात देऊ नका. चेहरा सुजतो, रंग बदलतो, आणि धक्क्यात असलेले नातेवाईक परक्या देहालाही आपलं माणूस समजतात. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हेच मुख्य आधार.

सापडल्या जागीच नंबर द्या. सुटा अवयव देहाला खेटून पडलेला असला तरी त्याला वेगळा नंबर. 'याचाच हात असणार' म्हणून एका पिशवीत भरलं, की दोन माणसांची सरमिसळ झालीच.

देह ताजा असेल तर रक्त किंवा खोलवरचा स्नायू पुरतो. कुजला किंवा जळला असेल तर मांडीच्या हाडाचा ४ ते ६ सेंटिमीटरचा तुकडा, किंवा न किडलेली, न भरलेली दाढ घ्या. नमुना उणे २० अंशांवर ठेवा. फॉरमॅलिनमध्ये (अवयव टिकवायचं रसायन) कधीच नको, त्याने डीएनए खराब होतो. शवागारात सवयीने नेमकं हेच होतं. प्रत्येक देहानंतर हातमोजे आणि ब्लेड बदला.

नातेवाईकांत आईवडील आणि मुलं सगळ्यांत उपयोगी. मूल एकच असेल तर त्याच्या दुसऱ्या पालकाचाही नमुना घ्या, म्हणजे मुलातला मृताकडून आलेला वाटा वेगळा काढता येतो. फक्त भावंडं उरली असतील तर एकावर थांबू नका, मिळतील तितकी घ्या. नुसतं 'नातं काय' एवढं विचारून भागत नाही: सख्खं, सावत्र की दत्तक, हे एकांतात, हळुवारपणे विचारा.

दोन सख्खे भाऊ एकत्र गेले असतील तर आईवडिलांचा डीएनए दोघांशीही जुळतो. तिथे वय, दातांचे एक्स-रे किंवा ज्याचा त्याचा टूथब्रश लागतो. ब्रश कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. तो घरात आणखी कोणी वापरत होतं का, तेही नोंदवा.

नमुना घेतानाच लेखी विचारून ठेवा: पुढे आणखी अवशेष जुळले तर कुटुंबाला दर वेळी कळवायचं, की शेवटी एकदाच, की त्या अवशेषांचा अंत्यविधी प्रशासनाने करायचा?