गावातल्या जखमांची वही अशी ठेवा

तापाची नोंद आम्ही आशा कार्यकर्त्या ठेवतोच, डेंगी कुठल्या गल्लीत वाढतोय ते त्यावरूनच कळतं. हातपाय मोडलेल्यांची मात्र वही नाही. आमच्या कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात 'नशीब' नाहीतर 'पिऊन होता' म्हटलं की विषय मिटला.

साधी शंभर पानी वही घ्या. नाव नको. जागा, वार, वेळ आणि कशानं लागलं, एवढंच. 'रस्त्यावर' असं मोघम नको, 'ओढ्याच्या पुलाअलीकडं, वळणावर' असं लिहा. 'निष्काळजीपणा' हे कारण वहीत येऊच देऊ नका. त्यावर करणार काय?

उसाच्या हंगामात एकच प्रकार परत परत दिसेल. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकते. ट्रॉलीला टेललाईट नसतो, ऊस मागं हातभर बाहेर आलेला असतो. पंक्चर काढताना चाकाला लावलेला धोंडाही ड्रायव्हर तिथंच सोडून जातो. हेल्मेटवर भाषण नंतर द्या, आधी रेडियम पट्ट्या आणा. गाळप सुरू व्हायच्या आत ट्रॅक्टरवाल्यांच्या दारात जा. "मामा, पट्टी मीच लावते" म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. फळी आधी कोरड्या फडक्यानं पुसा, धुळीवर पट्टी टिकत नाही. धोंड्याऐवजी लाकडी ठोकळा दोरीनं ट्रॉलीलाच बांधायला सांगा, म्हणजे तो रस्त्यावर राहणार नाही.

मारामारीचंही तसंच. वेल्समधल्या कार्डिफला जोनाथन शेफर्ड या सर्जननी पाहिलं, की दवाखान्यात येणारे कितीतरी मार खाल्लेले पोलिसांच्या दप्तरी नसतातच. मग नावं वगळून जागा, वेळ आणि हत्यार पोलिसांना कळवायची पद्धत बसली. आपल्याकडं बाजारच्या दिवशी दारू दुकानापुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, लिहिलेलं कुठंच नसतं.

घरातल्या माराचं पान मात्र वेगळं ठेवा, त्यावर गल्लीसुद्धा नको. गाव लहान, लगेच ओळखतात. "न्हाणीत पडले" म्हणणाऱ्या वैनीला सासू-नवरा जवळ नसतानाच विचारा, 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर तोंडी सांगा. हे पान ग्रामसभेत न्यायचं नाही.

बाकीची वही न्यायची. 'अपघात थांबवा' असा अर्ज देऊन काही होत नाही. 'पुलाजवळच्या खांबावर दिवा हवा' असं एकच मागा. जखमीला उचलायला लोक केसच्या भीतीनं बिचकतात, त्यांना तिथंच सांगा: 108 ला फोन करा. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही.

पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, द्यायचा अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.